दाराकडे पाठ असलेली खुर्ची

मिस्त्रीला मी ओळखायचो तो पाठीवरून. मानेवरचे पिकत चाललेले केस, उजव्या कानावर खोचलेली पेन्सिल, कॉलरवर लाकडाचा भुसा. समोरून पाहायची वेळ फार कमी आली, आणि आली तेव्हा त्या डोळ्यांकडे माझ्याने बघवलं नाही.

मी तुरुंगात हवालदार होतो. निवृत्ती जवळ आलेली, गुडघे कुरकुर करायचे आणि मी गुडघ्यांपेक्षा जास्त. अशात वरून हुकूम आला की बाहेरून एक बाई दर आठवड्याला येतील, काही कैद्यांना गोल करून बसवतील, बोलतं करतील आणि पहारा माझा. कैदी कोण, तर लहानपणी ज्यांना कुणीतरी ठेचलं आणि मोठेपणी ज्यांनी आणखी कुणाला तरी ठेचलं, असे पुरुष. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, ही मंडळी मनातलं बोलायला लागली तर संध्याकाळची मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी होईल." साहेब हसले नाहीत. माझे विनोद त्यांना कधीच कळले नाहीत.

खोली म्हणजे मोडक्या खाटा ठेवायची जुनी अडगळ. उंचावर एक खिडकी, आणि आतल्या बाजूला उघडणारं एकच दार. बाईंनी खुर्च्या गोल मांडल्या आणि पहिल्याच दिवशी गाडी अडली. गोल म्हटला की एका तरी खुर्चीची पाठ दाराकडे येणार. त्या खुर्चीवर कुणी बसेना. पैलवान म्हणून एकजण होता, नावाला पैलवान, अंगाने काडी. तो खुर्ची उचलून भिंतीला टेकला. त्याचं बघून, ज्याला सगळे ड्रायव्हर म्हणायचे तो कैदी सरकला. बघता बघता सगळे भिंतीला पाठ लावून एका ओळीत, ग्रुप फोटोला बसल्यासारखे. बाई मधोमध उभ्या. त्यांनी समजावलं, विनंती केली. आठ-दहा दांडगे बाप्ये, त्यातल्या काहींनी माणसं मारलेली, पण दाराकडे पाठ करायला एकही तयार नाही. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की मी स्वतः स्टुलावर बसलोय तोही भिंतीला पाठ लावून.

तेवढ्यात सुतारकामाच्या शेडमधून मिस्त्री आला. उशीर झाला म्हणून ओशाळला होता. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, रिकामी खुर्ची उचलली, बरोबर दारासमोर ठेवली आणि दाराकडे पाठ करून बसला. मग एकेक जण भिंत सोडून पुढे आला आणि गोल झाला. त्या दिवसापासून ती खुर्ची मिस्त्रीची. तो आजारी असला तर त्या आठवड्याला बैठकच होत नसे.

आता हा मिस्त्री कोण, ते सांगतो. बाहेर असताना त्याने जन्मभर दारं बसवली. हात इतका साफ की बांधकामवाले त्याच्यासाठी थांबून राहायचे, फक्त एक तक्रार असायची. बिजागरीच्या बाजूला तो फट म्हणून ठेवत नसे. दार आणि चौकट यांच्यात कागद जाणार नाही इतकं घट्ट. हवा दमट झाली की ती दारं अडकायची आणि लोक त्याच्या नावाने खडे फोडायचे. तो निमूट येऊन रंधा मारून जायचा, पण पुढचं दार पुन्हा तसंच.

एका संध्याकाळी शेजारी त्याच्याकडे शिडी मागायला आला. गरीब स्वभावाचा माणूस, ना भांडण ना तंटा. त्याने दार वाजवलं. मिस्त्रीने दार उघडलं आणि हातातली हातोडी त्याच्या डोक्यात घातली. शेजारी तिथेच गेला. मिस्त्रीची छोटी मुलगी मागे उभी होती, तिने सगळं पाहिलं. का मारलंस, हे पोलिसांनी विचारलं, कोर्टाने विचारलं, बायकोने मरेपर्यंत विचारलं. त्याने तोंड उघडलं नाही.

ती मुलगी आता मोठी झाली होती, तिलाही एक मुलगी होती. मिस्त्रीची वागणूक चांगली, शिक्षा बरीचशी भोगून झालेली. घरचं कुणी सांभाळायला तयार असेल तर त्याला लवकर सोडता येत होतं. मुलगी तयार होती. जाळीपलीकडून सांगायची, "बाबा, मी खोली रिकामी करून ठेवलीये." आणि हा गडी नाही म्हणायचा! एकदा तर सुटकेची बैठक तोंडावर आली असताना त्याने मुद्दाम शेडमधली काच फोडली, म्हणजे वागणूक बिघडली असं दिसावं. माझ्या उभ्या नोकरीत आत राहण्यासाठी धडपडणारा हा एकच कैदी. साहेबांनी वैतागून त्याला बाईंकडे पाठवला, की बघा तुम्हाला काही उलगडतंय का. सुटकेच्या पुढच्या बैठकीपर्यंत वेळ होता. त्यानंतर मुलगी नवऱ्याच्या बदलीच्या गावी जाणार होती, मग भेटणंही कठीण.

बाई सगळ्यांना अहोजाहो करायच्या. पैलवानाला 'तुम्ही', ड्रायव्हरला 'तुम्ही'. माझ्या डोक्यात तिडीक जायची. त्यांनी मला स्टुलासकट दाराबाहेर काढलं, युनिफॉर्म समोर असला की माणसं मिटतात म्हणून. दार किलकिलं ठेवायचं आणि मी बाहेरून नजर ठेवायची. किलकिल्या दारातून मला दिसायची ती मिस्त्रीची पाठ. आतले आवाज ऐकू यायचे. ड्रायव्हरला त्याचा काका विहिरीत उलटा धरायचा. पैलवान रडताना उचकी लागल्यासारखा रडायचा. मी घरी येऊन जेवायला बसलो की ते आवाज ताटाशी येऊन बसायचे. बायको म्हणायची, "जेवताय की मोजताय?" मी काय सांगणार कपाळ!

मिस्त्री मात्र बोलत नव्हता. एकदाच पैलवानाने त्याला विचारलं, "मिस्त्री, तुला भीती नाही का रे वाटत, मागून कुणी आलं तर?"

"वाटते ना."

"मग बसतोस कशाला?"

"येणाऱ्याला पहिला मी लागलो पाहिजे," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही नंतर."

वेळ संपली की मी माझ्या पद्धतीने दार ढकलायचो, किल्ल्यांचा जुडगा आपटायचो आणि ओरडायचो, "चला, उठा, मोजणी!" कुणी दचकायचं नाही. तुरुंगात दिवसभर हेच चालतं: दणदण, खणखण, शिव्या. मिस्त्रीची मानसुद्धा हलायची नाही. पण एके दिवशी ड्रायव्हर आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सांगत होता आणि मी नेमका तेव्हाच घुसलो. बाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "हवालदारसाहेब, ही खोली तेवढा वेळ त्यांची आहे. यापुढे आधी दार वाजवायचं. दोन बोटांनी, हळू." आणि माझ्या स्टुलावर दोन बोटांनी टकटक करून दाखवलं, जसं काही मी दार पाहिलंच नव्हतं कधी.

खरं सांगायचं तर पाहिलं होतं, वाजवलं नव्हतं. तुरुंगात दार कुणी वाजवत नाही. बाहेरच्याकडे किल्ली असते, तो उघडतो. आतला वाट बघतो. एवढ्या वर्षांत ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मिस्त्री मात्र त्याच एका गोष्टीसाठी आत राहू पाहत होता. हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात व्हरांड्यात रंगकाम चाललं होतं, वास येतो म्हणून दार पूर्ण लोटलेलं. वेळ झाली. मी मनात म्हटलं, घ्या, तुमच्या मर्जीप्रमाणे. टोपी सारखी केली, नव्या जावयासारखा चेहरा केला आणि दोन बोटांनी हळूच वाजवलं. टक, टक. आत एकदम शांत झालं. आतून कुणी 'या' म्हणायची वाट बघायची असते हे काही मला सुचलं नाही. जन्माची सवय, मी दार ढकललं.

समोर मिस्त्री उभा होता. खुर्ची डोक्यावर उचललेली, दोन्ही हात ताणलेले. ती खाली आली, चौकटीवर आपटली आणि तिचा एक पाय तुटून माझ्या खांद्याला लागला. पैलवानाने मिस्त्रीच्या कमरेला मिठी घातली होती. मी शिट्टी तोंडात धरली. ती फुंकली असती तर पंधरा शिपाई धावत आले असते, बाईंची बैठक बंद झाली असती आणि मिस्त्रीची सुटका कायमची गेली असती.

मी ती फुंकली नाही. का, ते सांगतो. मिस्त्री माझ्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या डोक्याच्याही हातभर वर बघत होता, मान पूर्ण मागे टाकून, लहान पोर मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघतं तसं. इतकं थेट, की माझ्या मागे कुणीतरी धिप्पाड उभा आहे याची मला खात्रीच पटली. मी मागे वळून पाहिलं. व्हरांडा रिकामा होता. रंगाची बादली होती, बस. पण मी वळून पाहिलं होतं ना! मग हा मला मारायला उठला होता असं मी कुठल्या तोंडाने सांगणार?

बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या, त्यांनी साहेबांना घडलं ते सांगितलं. साहेबांनी मला बोलावलं. "तुझी तक्रार आहे का?"

"नाही साहेब. खुर्ची मोडकी होती."

"खांदा सुजलाय तुझा."

"म्हातारपणाची सूज आहे, साहेब."

याही वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, "पुन्हा असं झालं तर बैठक बंद, आणि हा माणूस इथून हलत नाही. बाईंना सांग."

पुढच्या बैठकीला मिस्त्री बोलला. मी बाहेर स्टुलावर, दार किलकिलं, समोर तीच पाठ. आवाज अगदी सपाट होता.

"माझा बाप दार वाजवत नसे. लाथ घालायचा. लाथ पडली की आई मला खाटेखाली ढकलायची आणि कडी काढायची. लवकर काढली तर कमी मार बसायचा. मग एकदा आईने ठरवलं, आज काढायची नाही. आतून खाट लावली, मला म्हणाली, काही झालं तरी उघडायचं नाही. आम्ही दोघं लाथेची वाट बघत बसलो. लाथ पडलीच नाही. आई दमली होती, तिला डुलकी लागली. आणि मग टकटक झाली. हळू, पाहुण्यासारखी. मला वाटलं, बाप नाही हा. बाप असं वाजवत नाही. मी दाराशी जाऊन विचारलं, कोण? बाहेरून गोड आवाज आला, 'मी.'"

पैलवानाची उचकी ऐकू आली.

"मी खाट सरकवली. कडी काढली. दार आत उघडायचं, त्याने ढकललं तसा मी दाराच्या मागे भिंतीशी दाबला गेलो. मला बाहेर येता येईना. बिजागरीच्या बाजूला फट होती. त्या फटीतून मला सगळं दिसलं, आई हलायची थांबेपर्यंत. शेजाऱ्यानेही तसंच वाजवलं होतं. हळू. माझी पोरगी मागे उभी होती. मी 'कोण' म्हणून विचारलंच नाही. विचारून काय उपयोग? 'मी'च म्हणतात सगळे. आता नात आहे त्या घरात, बाई. कुणीतरी दार वाजवणारच. इथे कुणी वाजवत नाही."

मी किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून धरला होता, वाजू नये म्हणून. त्या दिवशी घरी गेलो, दार वाजवलं. बायकोने आतून विचारलं, "कोण?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "मी." तिने कडी काढली. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. म्हटलं, "मी म्हणजे कोण, हे विचारत जा की."

"इतक्या वर्षांचा नवरा आवाजावरून कळत नाही होय मला?" ती म्हणाली. "उन्हातून आलात, आधी पाणी प्या."

मग सुरू झाला तो विचित्र सराव. कल्पना बाईंची नव्हे, ड्रायव्हरची. तो म्हणाला, आम्ही दर बैठकीला एकेक जण बाहेर जाऊन दार वाजवतो, मिस्त्रीने बसल्या जागेवरून 'कोण' विचारायचं, आणि वाजवणाऱ्याने पूर्ण ओळख द्यायची. पहिला नंबर माझा. मी दार वाजवलं, आतून खुर्चीचे पाय खरवडल्याचा आवाज आला. शेवटी चिरका आवाज आला, "कोण?" तो आवाज पन्नाशीच्या बाप्याचा नव्हता. मी म्हटलं, "मी हवालदार. गुडघेदुखीवाला." आत कुणीतरी हसलं. पुढे पुढे तर चेष्टाच सुरू झाली. पैलवान दार वाजवून सांगायचा, "मी पैलवान, जगज्जेता, आत येऊ का?" मिस्त्रीही हसायला लागला. त्याचा आवाज खाली उतरला, घशात स्थिर झाला.

पण बाई एकदा म्हणाल्या, "बाहेरचं जग पूर्ण ओळख देत नाही, मिस्त्री. लोक 'मी' म्हणणार. तेव्हा पुढचा प्रश्न तुम्हाला विचारावा लागेल." आणि त्यांनी मला तसं म्हणायला लावलं. टकटक. "कोण?" "मी." मी वाट बघितली. मग बाईंनीच दार उघडलं. मिस्त्रीने खुर्ची उचलली नव्हती, पण त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता आणि तो दाराच्या बिजागरीकडे बघत होता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. हा पुढचा प्रश्न त्याच्या तोंडून काही निघाला नाही, शेवटपर्यंत.

सुटकेची बैठक झाली. साहेबांनी विचारलं, बाहेर जाशील का. मिस्त्रीने खूप वेळ घेतला आणि हो म्हणाला. मुलगी सगळं ऐकून होती. तिने नवीन घरी सगळ्यांना बजावून ठेवलं की दार वाजवायचं नाही, लांबून नावाने हाक मारायची. फाटकाशी त्याला सोडताना मला वाटलं, आपण हे बरं करतोय की एखाद्याच्या जिवावर उठतोय? त्याने माझ्या तेव्हा सुजलेल्या खांद्याला हात लावला आणि गेला.

निवृत्त झाल्यावर मी त्याला भेटायला गेलो. अनोळखी गाव, शोधत शोधत पोहोचेपर्यंत दुपार झाली, जीव मेटाकुटीला आलेला. गल्लीच्या टोकाला घर, नवं कोरं दार. हात कुणाचा ते लांबूनच कळत होतं, बिजागरीपाशी केसभर फट नव्हती. वाटभर मी घोकत आलो होतो, लांबून हाक मारायची. आणि दारात उभं राहिल्यावर, रस्ता संपल्याच्या आनंदात, मी बोटं वर केली आणि वाजवलं. टक, टक.

आत काहीतरी ठोकण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. लहान पावलं दाराकडे धावली. मग त्याचा आवाज आला, "इकडे ये. माझ्या मागे उभी राहा." पावलं परत गेली.

"कोण?"

आणि मी, आयुष्यभर किल्ल्या सांभाळलेला, त्या किलकिल्या दारातून सगळं ऐकलेला माणूस, माझ्या तोंडातून आपसूक निघून गेलं, "मी."

शब्द परत घेता येत नाही. आत त्याच्या हातात हातोडी होती, हे ठोकण्यावरून मला कळलं होतं. त्याच्या मागे नात होती. मी ओरडून नाव सांगायला हवं होतं, ते सुचलंच नाही. आणि मला पुन्हा तसंच वाटलं, माझ्या मागे, माझ्या डोक्याच्या हातभर वर, कुणीतरी वाट बघत उभं आहे. मी मागे वळून पाहिलं. रणरणती गल्ली, चिटपाखरू नाही.

"मी म्हणजे कोण?" आतून आवाज आला. कापत होता, पण त्याचाच होता, पन्नाशीच्या बाप्याचा. "नीट सांगा. मी म्हणजे कोण?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी हवालदार," मी म्हटलं. "गुडघेदुखीवाला, मिस्त्री."

दार उघडलं. ते बाहेरच्या बाजूला उघडत होतं, मला एक पाऊल मागे सरकावं लागलं. तो उंबऱ्यात उभा, घामाने निथळत, एका हातात हातोडी. त्याच्या सदऱ्याचं टोक धरून एक चिमुरडी मागून डोकावत होती. त्याने हातोडीकडे पाहिलं आणि ती माझ्या हातात दिली. "आत या साहेब," म्हणाला. "पाणी देतो."

खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एक भिंतीला टेकलेली. दुसरीची पाठ दाराकडे होती, आणि तो सवयीने तिच्याकडे वळला. मी त्याला दंडाला धरून भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि दाराकडे पाठ करून मी बसलो. हातोडी मांडीवर ठेवली. मानेवर वारा लागत होता. नात येऊन त्याच्या मांडीवर चढली, आणि मी त्याला विचारलं, काय ठोकत होतात एवढ्या उन्हाचं.

"स्टूल," तो म्हणाला. "हिला कडीपर्यंत हात पुरत नाही."